डाग वाटाण्याएवढा, टाके बोटभर

त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काय कापतात, किती कापतात आणि का? रुग्णाने आणि घरच्यांनी आधीच समजून घ्यावं असं काही.

गालावर वाटाण्याएवढा काळसर, चकचकीत फोड आहे. दुखत नाही, खाजत नाही. मधूनच त्यावर खपली धरते, तोंड पुसताना ती निघते, थेंबभर रक्त येतं आणि चार दिवसांत पुन्हा खपली. वर्षभर मलमं लावून होतात. मग कुणी डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात, अहवालात ‘बेसल सेल कार्सिनोमा’ असं येतं आणि शस्त्रक्रिया ठरते. पट्टी निघाल्यावर घरच्यांना धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा. डाग होता जेमतेम एक सेंटिमीटरचा. टाक्यांची रेघ पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेली. “एवढ्याशा डागाला एवढं कापलं?” डॉक्टरांसमोर हे विचारायला संकोच वाटतो, घरी मात्र प्रश्न आठवडाभर चघळला जातो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कळलं की या शस्त्रक्रियेतल्या बाकीच्या गोष्टीही उलगडत जातात. डोळ्यांना दिसतो तो कर्करोगाचा फक्त वर आलेला भाग. त्याच्या कडेने, त्वचेच्या आत, नजरेला न दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असू शकतात. त्या जिथे संपतात तिथपर्यंत पोचणं हे सर्जनचं खरं काम. आणि तिथपर्यंत पोचलो की नाही, हे ऑपरेशनच्या टेबलावर बहुधा कळत नाही. ते काही दिवसांनी, सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

तीन कर्करोग, तीन स्वभाव

त्वचेचा वरचा थर अगदी पातळ असतो. त्याच्या तळाशी असलेल्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. त्याच्या वरच्या चपट्या पेशींचा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा तो मेलानोमा. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, स्वभाव लक्षात ठेवावेत.

पहिला संथ असतो. तो दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, पण जिथे आहे तिथे खोल पोखरत राहतो. नाकपुडी, पापणी, कान यांच्या कडेला तो वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिला तर कूर्चा आणि हाडापर्यंत पोचतो. दुसरा त्याहून आक्रमक असतो. तो जवळच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे लोक ज्यांना काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी म्हणतात त्यांत, जाऊ शकतो. तिसरा आकाराने लहान असतानाही प्रवासाला निघू शकतो. म्हणून तिघांची शस्त्रक्रिया दिसायला सारखी असली तरी तिचे हिशेब वेगळे असतात.

आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलानिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरंच संरक्षण देतं. त्यामुळे भारतात त्वचेचे कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा खूपच कमी आढळतात. मात्र याचाच एक तोटा होतो: रुग्णाला आणि कधीकधी डॉक्टरांनाही शंकाच येत नाही. आपल्याकडे बेसल सेल कार्सिनोमा बऱ्याचदा काळसर असतो आणि तीळ किंवा मस समजून सोडून दिला जातो.

शिवाय आपल्याकडच्या कर्करोगांच्या जागाही निराळ्या. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर उगवतो. त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात. भाजण्याची घटना आणि कर्करोग यांत दोन-तीन दशकंही जाऊ शकतात. काश्मीरमध्ये फिरन या सैल अंगरख्याच्या आत शेकोटीची कांगडी धरून बसण्याच्या सवयीमुळे मांड्या आणि पोटावर होणारा कर्करोग वैद्यकीय ग्रंथांत त्याच नावाने नोंदला गेला आहे. महाराष्ट्राशी संबंधित उदाहरण कमरेचं आहे. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट बसली की तिथली त्वचा घासते, सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अशा दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली एक परकराशिवाय लुगडं नेसणारी होती. तिचा कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला होता.

मेलानोमा आपल्याकडे पाठीवर किंवा पोटरीवर कमी, आणि तळपाय, तळहात किंवा नखाखाली जास्त आढळतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. रेगे संगीताचा प्रख्यात गायक बॉब मार्ली याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलानोमा निघाला. अंगठा काढण्याचा सल्ला त्याने नाकारला. नखाखालची त्वचा काढून त्वचारोपण करण्यात आलं. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शरीरभर पसरलेल्या त्याच कर्करोगाने तो गेला. अंगठा काढला असता तर तो वाचलाच असता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण सावळ्या त्वचेला मेलानोमा होत नाही हा समज मात्र त्या उदाहरणाने खोटा ठरतो.

आधी तुकडा, मग शस्त्रक्रिया

“सुरी लागली की कॅन्सर भडकतो” हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येतं की अनेक रुग्ण बायोप्सीच्या नावानेच मागे फिरतात. या समजुतीचं मूळ शोधणं अवघड नाही. पूर्वी, आणि आजही, लोक खूप उशिरा येतात. तोवर रोग आत पसरलेला असतो. मग शस्त्रक्रिया होते, चार महिन्यांनी दुसरीकडे गाठ दिसते आणि दोष सुरीवर जातो. आधी काय झालं आणि नंतर काय झालं एवढाच क्रम पाहिला की कारण चुकतं. त्वचेच्या कर्करोगाची बायोप्सी केल्यामुळे रुग्णाचं आयुष्य कमी होत नाही. ती न केल्यामुळे मात्र चुकीची शस्त्रक्रिया होऊ शकते.

बायोप्सीचे प्रकार आहेत. पंच बायोप्सीत पेनाच्या टोकाएवढ्या गोल पात्याने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. मोठ्या व्रणाच्या कडेचा थोडा भाग सुरीने काढतात. मेलानोमाची शंका असेल तर शक्यतो संपूर्ण डागच, एक ते तीन मिलिमीटरच्या बारीक कडेसह, काढून पाठवतात, कारण तिथे कर्करोग किती खोल गेला आहे हे मोजायचं असतं. वॉशिंग्टनचे पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलानोमाची मिलिमीटरमधली जाडी पुढच्या धोक्याचा फार चांगला अंदाज देते. पुढची शस्त्रक्रिया किती मोठी, हे आजही त्याच मापावर ठरतं. वरवर खरवडून घेतलेल्या तुकड्यात हे माप चुकू शकतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वाढणारा, रक्त येणारा किंवा रंग बदलणारा डाग कुठेही जाळून, लेझरने किंवा ॲसिड लावून घालवू नये. डाग जातो, पण तपासायला काही उरत नाही. आत काही राहिलं असेल तर ते व्रणाखाली गुपचूप वाढत राहतं. तसंच ‘साधी चामखीळ’ म्हणून काही काढलं तरी ते बादलीत न जाता तपासणीला गेलं पाहिजे. तसा आग्रह धरण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

कड किती सोडायची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं गणित करू. कडा स्पष्ट दिसणाऱ्या, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान बेसल सेल कार्सिनोमाभोवती चार मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा काढली, तर सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो पूर्ण निघतो, हे अभ्यासांतून ठरलेलं आहे. डाग एक सेंटिमीटरचा. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर धरले की रुंदी झाली १.८ सेंटिमीटर. एवढा गोल खड्डा सरळ शिवला तर दोन्ही टोकांना त्वचेच्या घड्या वर येतात. म्हणून सर्जन गोल न कापता दोन्हीकडे निमुळता आकार कापतात आणि त्याची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवतात. १.८ गुणिले तीन म्हणजे ५.४ सेंटिमीटर. टाके बोटभर झाले ते असे. त्यांतली बरीचशी लांबी कर्करोगासाठी नसून शिवण सपाट बसावी म्हणून असते.

ही रेघ कोणत्या दिशेला जाईल हेही मनमानी नसतं. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये त्वचेतल्या ताणाच्या दिशा नोंदल्या. चेहऱ्यावर हसताना, कपाळ आक्रसताना पडणाऱ्या सुरकुत्यांच्या रोखाने टाके घेतले की व्रण त्या सुरकुत्यांत मिसळून जातो. चेहऱ्यावरच्या ऑपरेशनआधी डॉक्टर “हसा बरं”, “डोळे घट्ट मिटा” असं सांगून पेनाने रेषा मारतात, त्या यासाठी.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमात कमी धोक्याच्या डागाला चार ते सहा मिलिमीटरची कड पुरते. डाग मोठा असेल, कानावर किंवा ओठावर असेल तर जास्त लागते, आणि जुन्या भाजल्या व्रणावर असेल तर साधारण दोन सेंटिमीटरही घेतात.

मेलानोमात हा आकडा ठरायला एक शतक जावं लागलं. १९०७ मध्ये लंडनचे सर्जन विल्यम सॅम्पसन हँडली यांनी मुख्यतः एका स्त्रीच्या शवविच्छेदनाच्या आधारे विस्तृत छेद घेण्याचा पुरस्कार केला. पुढे कित्येक दशकं डागाच्या चहूबाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर त्वचा काढण्याची प्रथा राहिली आणि असंख्य रुग्ण मोठमोठे खड्डे घेऊन जगले. १९८८ मध्ये इटलीतल्या उंबेर्तो वेरोनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: दोन मिलिमीटरपर्यंत जाडीच्या मेलानोमात एक सेंटिमीटर आणि तीन सेंटिमीटर कडेच्या गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. आज साधारणपणे पुढचा हिशेब वापरतात:

• वरच्या थरातच असलेला मेलानोमा: अर्धा ते एक सेंटिमीटर
• एक मिलिमीटरपर्यंत जाडी: एक सेंटिमीटर
• एक ते दोन मिलिमीटर: एक ते दोन सेंटिमीटर
• दोन मिलिमीटरहून जास्त: दोन सेंटिमीटर

म्हणून “डॉक्टर, जरा जास्तच कापा, पुन्हा नको” ही विनंती उपयोगाची नाही. ठरलेल्या मापापलीकडे कापून रुग्णाचा फायदा होत नाही.

काचऱ्या आणि साल

काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो. सर्जनने त्यावर बहुधा एका टोकाला दोरा बांधलेला असतो, म्हणजे वरचं टोक कोणतं ते कळावं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, कडांना रंग लावतात, मेणात बसवतात आणि काही मिलिमीटर अंतरावर त्याच्या चकत्या करतात. प्रत्येक चकतीचा केसापेक्षाही पातळ छेद काचेवर घेऊन पॅथॉलॉजिस्ट पाहतात. कर्करोगाच्या पेशी रंगवलेल्या कडेपर्यंत पोचल्या नसतील तर कड मोकळी. पोचल्या असतील तर काहीतरी मागे राहिलं असण्याची शक्यता आहे.

या पद्धतीची मर्यादा बटाट्यावरून समजेल. बटाट्याला बाहेरून कीड लागली आहे का, हे पाहायला आपण त्याच्या काचऱ्या केल्या आणि त्यांतल्या पाच-सहाच उचलून प्रत्येकीची कड पाहिली, तर दोन काचऱ्यांच्या मधलं भोक नजरेतून सुटू शकतं. त्याऐवजी संपूर्ण साल एकसंध सोलून ताटात सपाट पसरली तर एकही भोक लपणार नाही. नेहमीची तपासणी काचऱ्यांची आहे. तिच्यात प्रत्यक्ष पाहिला जाणारा कडेचा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. साल सोलण्याची पद्धत म्हणजे मोझ शस्त्रक्रिया.

फ्रेडरिक मोझ हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३०च्या दशकात वैद्यकाचे विद्यार्थी होते. झिंक क्लोराइड लावल्यावर पेशी मरतात पण त्यांची सूक्ष्म रचना जशीच्या तशी टिकते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी कर्करोगावर लेप लावायचा, थर काढायचा, त्याचा संपूर्ण तळ आणि कडा तपासायच्या आणि जिथे रोग उरला असेल तेवढ्याच जागी पुन्हा लेप लावायचा, अशी पद्धत बसवली. लेप वेदनादायक होता आणि एकेका थराला दिवस जाई. पुढे ताज्या ऊतीला गोठवून छेद घेण्याचं तंत्र आलं आणि सगळं काम एका दिवसात होऊ लागलं. आज रुग्ण जागा बधिर केलेल्या अवस्थेत बाहेर बसतो, आत थर तपासला जातो. उरलं असेल तर नकाशा पाहून नेमक्या त्याच कोपऱ्यातून आणखी एक पातळ थर. त्यामुळे निरोगी त्वचाही वाचते, जी नाक, पापणी, ओठ इथे मोलाची असते.

फरक किती पडतो? नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेल कार्सिनोमाच्या रुग्णांची तुलना करून दहा वर्षांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यांदाच झालेला कर्करोग मोझ पद्धतीनंतर ४.४ टक्के रुग्णांत उलटला, तर नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के रुग्णांत. आधी एकदा उलटलेल्या कर्करोगात हे प्रमाण अनुक्रमे ३.९ आणि १३.५ टक्के होतं. म्हणजे सर्वाधिक फायदा चेहऱ्याच्या मध्यभागी, कडा अस्पष्ट असताना किंवा रोग उलटल्यावर. पाठीवरच्या लहान, स्पष्ट डागाला त्याची गरज नसते.

भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी, मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. जवळ नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, ऑपरेशन चालू असतानाच कडेचे तुकडे गोठवून तपासणे. दुसरा, डाग काढून जखमेवर फक्त ड्रेसिंग करणे आणि कड मोकळी असल्याचा अहवाल आल्यावरच कायमची शिवण किंवा त्वचारोपण करणे. चार-सहा दिवस उघडी जखम बाळगावी लागते म्हणून रुग्ण नाराज होतात, पण झाकून टाकलेली जागा पुन्हा उकरण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

खड्डा भरायचा कसा?

लहान जखम सरळ शिवतात. कपाळाची बाजू किंवा डोळ्याचा आतला कोपरा अशा खोलगट जागी छोटी जखम तशीच ठेवली तरी आतून छान भरून येते. त्याहून मोठ्या खड्ड्यासाठी दोन उपाय असतात आणि दोघांतला फरक रक्तपुरवठ्याचा आहे.

त्वचारोपणात मांडीवरून किंवा कानामागून त्वचेचा तुकडा पूर्ण सुटा करून खड्ड्यावर बसवतात. त्याला स्वतःचं रक्त नसतं. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जखमेतला द्रव शोषून तग धरतो. मग खालच्या केशवाहिन्या त्यात शिरू लागतात आणि पाच-सात दिवसांत तो रुजतो. या काळात तो जागेवरून जराही सरकला किंवा खाली रक्त साचलं तर जोडणी तुटते. वर घट्ट बांधलेला गोळा डॉक्टरांनी सोडेपर्यंत कुतूहलानेही उघडायचा नाही, तो याच कारणाने.

फ्लॅपमध्ये शेजारची त्वचा एका बाजूने जोडलेलीच ठेवून वळवून आणतात. ती आपलं रक्त बरोबर घेऊन येते. नाकावरच्या मोठ्या खड्ड्यासाठी आजही वापरला जाणारा कपाळाचा फ्लॅप भारतीय आहे आणि तो जगाला कळला तो पुण्याच्या परिसरातल्या एका ऑपरेशनमुळे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठा माणसाचं नाक टिपूच्या सैन्याच्या कैदेत कापलं गेलं होतं. वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका जाणकाराने मेणाचं पातळ नाक घडवून ते कपाळावर सपाट ठेवलं, त्याची रेघ मारली, तेवढी त्वचा भुवयांच्या मधोमध जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नाक केलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली. ती वाचून वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू यांनी इंग्लंडमध्ये हे ऑपरेशन केलं. आजच्या रुग्णाने एवढं लक्षात ठेवावं की या पद्धतीत सुमारे तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत त्वचेचा पूल दिसत राहतो. नाकाला नवा रक्तपुरवठा मिळाला की दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये तो कापतात. आधी माहीत नसेल तर आरसा पाहून घाबरायला होतं.

दोन्ही पद्धतींत सिगारेट, तंबाखू, मशेरी यांतलं निकोटिन त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसून टाकतं आणि रोपण वाया जाऊ शकतं. ऑपरेशनआधी आणि नंतर काही आठवडे ती बंद ठेवणं हा त्या अर्थाने उपचाराचाच भाग आहे.

काखेतल्या-जांघेतल्या गाठींचं काय?

मेलानोमा साधारण एक मिलिमीटरच्या पुढे जाड असेल तर त्याच्या पेशी जवळच्या लसिकाग्रंथीत गेल्या आहेत का, हे पाहतात. पूर्वी सगळ्याच ग्रंथी काढत. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत डागाभोवती निळा रंग, आणि आता जोडीला किरणोत्सारी द्रव्य, टोचतात. ते ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचतं तेवढीच काढून तपासतात. तिला सेंटिनल नोड म्हणतात. नंतर दिवसभर लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नये. ही तपासणी मोठ्या छेदाच्या वेळीच करायची असते. आधी मोठा छेद घेतला तर द्रव वाहण्याचे मार्ग बदलतात आणि ग्रंथी अचूक सापडत नाही.

त्या ग्रंथीत रोग निघाला तरी बाकीच्या सरसकट काढाव्यात का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तसं करून आयुष्य वाढलं नाही. हात किंवा पाय सुजून राहण्याचं प्रमाण मात्र २४ टक्के झालं, नुसत्या देखरेखीच्या गटात ते ६ टक्के होतं. म्हणून आता बहुधा सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. हाताला लागणारी, वाढलेली गाठ असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

बहुतेक ऑपरेशनं जागा बधिर करून होतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. इंजेक्शनची चुरचुर काही सेकंद होते. त्यातल्या ॲड्रिनॅलिनमुळे थोडा वेळ धडधडू शकतं. नंतर दुखत नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं आणि रक्तवाहिन्या बंद करताना जळका वास येतो. हे सगळं अपेक्षित आहे.

आधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: मधुमेह, पेसमेकर, औषधांची ॲलर्जी, पूर्वीचे जाड वाढलेले व्रण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. जखमेतून थोडं जास्त रक्त आलं तर ते थांबवता येतं. गोळी बंद करून आलेला झटका थांबवता येत नाही.

घरी आल्यावर रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग वीस मिनिटं दाबून धरावं, मध्ये उचलून पाहू नये. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठावा. डोळ्याजवळच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डोळा सुजून मिटणं नेहमीचंच. उलट तीन-चार दिवसांनी दुखणं वाढत गेलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला तर दाखवावं. जखमेवर हळद, चुना, टूथपेस्ट लावू नये. जखम ‘सुकू द्यावी’ हाही गैरसमज आहे. पेट्रोलियम जेलीच्या थराखाली ओलसर राहिलेली जखम लवकर भरते.

चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत, धड आणि हातापायांचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. त्या वेळी तिला मूळ त्वचेच्या दहाव्या हिश्श्याएवढीही ताकद नसते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत येते आणि तिथेच थांबते. म्हणून पाठीवर किंवा खांद्यावर ऑपरेशन झालं असेल तर काही आठवडे पाण्याच्या कळशा आणि सिलिंडर उचलणं टाळावं. लाल, कडक व्रण वर्षभर बदलत राहतो. महिन्याभरात त्याच्या रूपावर निकाल देऊ नये. आसपासचा बधिरपणा काही महिने टिकतो, क्वचित कायम राहतो.

सुरी नको असेल तर

अगदी वरवरच्या कर्करोगात गोठवणं, खरवडून जाळणं किंवा ठरावीक मलमं हे उपाय असतात. वय फार असेल किंवा शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर किरणोपचार चांगला पर्याय ठरतो. खूप पसरलेल्या रोगासाठी आता तोंडाने घ्यायची औषधं आणि रोगप्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं आहेत. ती महागडी आहेत. पण ज्या कर्करोगाची कड अजून हाताच्या आवाक्यात आहे, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचं महत्त्व कायम आहे, कारण पूर्ण निघाला की नाही याचा लेखी पुरावा तिच्यातूनच मिळतो. खर्चाच्या बाबतीत महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधीच चौकशी करावी.

अहवाल आल्यानंतरही संबंध संपत नाही. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. त्या काळात दर काही महिन्यांनी व्रण आणि गाठी दाखवाव्यात, आणि महिन्यातून एकदा तळपाय, नखं आणि पाठ घरीच, कुणाची तरी मदत घेऊन, उजेडात पाहावीत.

चौकट: डॉक्टरांना विचारायचं काय?

*ऑपरेशनआधी*
• बायोप्सीत कोणता प्रकार आला? मेलानोमा असेल तर जाडी किती?
• किती मिलिमीटर कड काढणार? शेवटी व्रण साधारण केवढा होईल?
• माझ्या जागेसाठी मोझ किंवा गोठवून तपासण्याची गरज आहे का? ती कुठे होते?
• खड्डा कसा भरणार? एका टप्प्यात की दोन?
• सेंटिनल नोडची तपासणी लागेल का?

*अहवाल आल्यावर*
• बाजूची आणि तळाची, दोन्ही कडा मोकळ्या आहेत का? अंतर किती?
• कर्करोग मज्जातंतूच्या कडेने गेलेला दिसला का?
• कड मोकळी नसेल तर पुढचं पाऊल कोणतं आणि कधी?

*जपून ठेवायचं*
• दोन्ही अहवालांच्या मूळ प्रती, ऑपरेशनची नोंद आणि आधीचा फोटो
• मेणातले ठोकळे आणि काचा प्रयोगशाळेत असतात. दुसरं मत हवं असेल तर त्या मागता येतात

*लगेच दाखवायचं*
• महिन्याभरात न भरलेली जखम, पुन्हा पुन्हा खपली धरणारा फोड
• जुन्या भाजल्या व्रणावर किंवा नाडीच्या जागी उगवलेला कडक व्रण
• तळपायावरचा वाढता काळा डाग, नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ, विशेषतः काळेपणा नखाबाहेरच्या त्वचेवर उतरला असेल तर